प्रियामो पुद्दूची निळी रेघ

सरळ रेघेवर चालायचा सल्ला प्रियामो पुद्दूला फिजिओथेरपिस्ट इलेनियाने दिला, रंगाचा डबा त्याच्या बायकोने शोधून दिला, आणि भर दुपारी सगळ्या गावाने खिडक्या लावून झोपायचं हा नियम तर त्याच्या पणजोबांच्याही आधीचा. तेव्हा ओर्झानू गावात पुढे जे रामायण घडलं, त्याचं खापर एकट्या प्रियामोच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं आहे. तरी ते फोडलं गेलंच.

प्रियामो नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसे. गावात कोणी आलं काय किंवा गेलं काय, त्याच्या शिक्क्याशिवाय ते खरं धरलं जात नसे, आणि त्यामुळे त्याला स्वतःविषयी बऱ्यापैकी आदर होता. मात्र अलीकडे त्याचा डावा पाय त्याचा आदर राखेनासा झाला होता. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतून निघालेला निरोप वाटेत कुठेतरी रेंगाळायचा आणि पाय आपला हुकमाची वाट बघत जागच्या जागी उभा. इतकी वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला हे कळायला जड नव्हतं. त्याच्या टेबलावर येणारे कागदही असाच प्रवास करत.

कोणी विचारलं तर तो "गुडघा" एवढंच सांगे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हा आजार इतका घरोब्याचा की कोणाची मावसबहीण, कोणाचा दीर, कोणाची शाळेतली बाई, असं प्रत्येकाने तो जवळून पाहिलेला. त्यामुळे "गुडघा" ऐकून लोक अदबीने मान हलवत, आणि प्रियामोची पाठ वळली की तो गुडघा नेमका कोणता हे एकमेकांना समजावून सांगत. गावात कोणालाच काही कळलेलं नाही, अशी प्रियामोची पक्की खात्री होती.

आणि कळून चालणारही नव्हतं, कारण या वर्षी सांता मार्गेरिताच्या उत्सवाचा मान पुद्दू घराण्याकडे आला होता. मानकऱ्याने रेशमी निशाण घेऊन घरातून निघायचं, चर्चला तीन फेरे घालायचे आणि मगच निशाण हातातून सोडायचं. हा मान जन्मात एकदा मिळतो. प्रियामोच्या वडिलांची पाळी येण्याआधीच ते गेले होते, आणि त्यांच्या मृत्यूच्या नोंदीवर शिक्का मारताना प्रियामोने मनाशी ठरवलं होतं की निशाण आपण नेणार, दोघांच्या वाट्याचं. आता पाळी आली तर पाय हा असा.

त्यात त्याचा मेहुणा तार्चिझियो. बायकोचा धाकटा भाऊ, ऑलिव्हच्या तेलाच्या घाण्याचा मालक, मनाने चांगला आणि आवाजाने त्याहून मोठा.

"दाजी, तुम्ही अजिबात घोर लावून घेऊ नका," तो भर चौकात म्हणायचा, "निशाण मी धरतो! तुम्ही मागून मोटारीत बसून या. काच खाली करायची आणि नुसता हात हलवायचा!"

त्यापेक्षा मेलेलं बरं आणि स्वतःची नोंद स्वतःच केलेली बरी, असं प्रियामोला वाटे.

इलेनिया तालुक्याच्या गावाहून आरोग्य केंद्रात यायची. वयाने प्रियामोच्या निम्मी, पण शिस्तीत त्याच्या आईच्या वरताण.

"सिन्योर पुद्दू, काठी घ्या."

"काठी म्हातारे घेतात."

"माझ्या एका पेशंटची मुलगी कॉलेजात आहे. ती घेते."

"काठी असलेल्या हाताने निशाण कसं धरणार?"

यावर इलेनियाने व्यायाम शिकवायला घेतले. मऊ उशीवर पाय जुळवून उभं राहायचं. ते जमलं की डोळे मिटून. मग एका पायावर, ओट्याला हात लावून. हे सगळं कोणी घरात असताना आणि आधाराजवळ करायचं, हे तिने दोनदा बजावलं.

प्रियामोने पहिल्याच दिवशी उशी कोठीच्या खोलीत नेली, कारण तिथे बायको बघत नव्हती. उशीवर चढला, डोळे मिटले, क्षणभर हवेत तरंगल्यासारखं सुख झालं, आणि पुढच्या क्षणी त्याने आधाराला म्हणून वर वाळत घातलेल्या सॉसेजच्या माळेला हात घातला. बोनारिया धावत आली तेव्हा नवरा जमिनीवर बसलेला होता, गळ्यात सॉसेजचा हार, मांडीवर मेंढीच्या चीजचा अख्खा गोळा.

"सत्कार कोणी केला?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी घरातल्या बोळात फरशीच्या सांध्यावरून चालणं सुरू झालं. बोळाच्या टोकाला बोनारियाच्या लग्नातल्या कपबशांचं कपाट होतं, आणि प्रियामोला चालणं येत होतं तेवढं थांबणं येत नव्हतं. कपबशा वाचल्या, पण बोनारियाने इलेनियाला फोन लावून स्वच्छ सांगितलं की हा माणूस तरी घरात राहील किंवा ते कपाट तरी.

"मग बाहेर चालू दे," इलेनिया म्हणाली. "भिंतीच्या कडेने एक सरळ रेघ बघा. टाचेला चवडा लावत चालायचं. मधे मधे आडव्या खुणा करा, तिथे थांबून वळायचं. आणि चालताना तोंडाने काहीतरी आठवून म्हणायचं, म्हणजे पायाकडे लक्ष नसतानाही तोल राहिला पाहिजे. उत्सवात काय लोक गप्प बसणार आहेत?"

गल्लीत सरळ असं काहीच नव्हतं, म्हणून रेघ आखणं आलं. घरात शिल्लक होता तो खिडक्यांच्या झडपांचा निळा रंग. गाव झोपलेलं असताना प्रियामो गुडघ्यांवर बसून कामाला लागला. बसून काम करताना तोल अजिबात जात नाही हे पाहून त्याला फार आनंद झाला, आणि त्या भरात रेघ पार गल्लीच्या टोकापर्यंत गेली. भिंतीला लागून त्सिया आसुंताच्या कुंड्या होत्या, म्हणून ती थोडी बाहेरून घ्यावी लागली, एक मोटार मावेल इतकी बाहेरून. आडव्या खुणा काढताना हात जरा सैल सुटला आणि त्या थेट भिंतीला जाऊन भिडल्या. उठून त्याने पाहिलं तर काम देखणं झालं होतं.

आता रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ म्हणजे गाडी फुकट लावा, पिवळी म्हणजे अपंगांची जागा आणि निळी म्हणजे आधी पैसे भरा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रियामोलाही ठाऊक होतं. पण ज्याच्या डोक्यात आपलं पाऊल असतं त्याला तिथे मोटार दिसत नाही. तो समाधानाने हात धुऊन झोपला.

संध्याकाळी गल्लीला जाग आली ती त्सिया आसुंताच्या आरोळीने. त्सिया म्हणजे मावशी. आसुंता ही अख्ख्या गल्लीची मावशी होती, आणि गेली चाळीस वर्षं तिची वेताची खुर्ची त्याच भिंतीशी संध्याकाळी मांडली जात होती.

"अगं बया! माझ्या खुर्चीला पैसे लावले गं या मुडद्यांनी!"

लोक जमले. निळे चौकोन पाहून सगळ्यांचं रक्त खवळलं. ज्यांच्या गाड्या गल्लीत होत्या त्यांनी त्या काढून तार्चिझियोच्या घाण्यासमोर नेऊन लावल्या, त्यामुळे घाण्यात कोणाला जाता येईना आणि आत होते त्यांना बाहेर पडता येईना. काही जण पैसे भरायचं यंत्र शोधायला लागले. एकाने तर कुंड्या उचलून खाली पाहिलं.

एवढ्यात नगरपालिकेचा हवालदार ओर्रू आला. त्याने रेघ पाहिली आणि सुस्कारा टाकला.

"मला कोणी काही सांगत नाही," तो म्हणाला. "ती खालची गल्ली एकेरी केली ना, तेही मला समोरून आलेल्या ट्रकने सांगितलं." आणि खिशातून पावतीपुस्तक काढून त्याने चौकोनात उरलेल्या एकुलत्या एका गाडीवर दंडाची पावती चिकटवली. गाडी फादरांची होती.

"अहो पण यंत्रच नाही, तर पैसे भरायचे कुठे?" फादर कळवळून म्हणाले.

"ते मला माहीत नाही, फादर. न भरल्याचा दंड किती ते मात्र माहीत आहे."

सकाळी नगराध्यक्षा कारेद्दा बाईंच्या दाराशी अर्धं गाव. बाईंनी गुपचूप प्रियामोला आत बोलावलं.

"पुद्दू, तू इथे सगळ्यांत जुना. खरं सांग, ही रेघ आपण आखली का?"

प्रियामोने मनात हिशोब मांडला. खरं सांगायचं म्हणजे रेघ कशाला आखली ते सांगायचं, म्हणजे आपण तान्ह्या पोरासारखे चालायला शिकतोय हे सांगायचं, म्हणजे उत्सव समिती संध्याकाळपर्यंत निशाण तार्चिझियोच्या हातात देणार. त्याला आपली लाज वाटली आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"माझ्याकडे बाई फक्त जन्म-मृत्यू असतात," तो म्हणाला.

आपल्या गावात आपल्याला न विचारता रेघ आली हे कोणती नगराध्यक्षा कबूल करेल? बाईंनी बाहेर येऊन जाहीर केलं की रेघ प्रायोगिक तत्त्वावर आहे. विरोधकांनी तिथल्या तिथे प्रयोगाचा निषेध केला. मग रेघ पुसायची असं ठरलं, तर रस्ते विभागाचा कारकून म्हणाला की पुसण्याचा हुकूम काढायला आखण्याचा हुकूम लागतो, आणि आखण्याचा हुकूम कोणत्याच कपाटात नाही. जी रेघ मुळात नाहीच ती पुसायची कशी? मोठा पेच पडला. फादरांचा दंड मात्र पक्का होता, कारण त्याची पावती होती.

"सांगून टाक," बोनारिया घरी म्हणाली.

"आणि निशाण?"

"निशाणाचं निमित्त. तुझं नाक आहे ते, नाक."

प्रियामो फुरंगटून जेवला नाही. म्हणजे बटाटा-पुदिन्याचं सारण भरलेले कुलुरजोनेस दोनदाच घेतले.

इकडे गल्लीत वेगळीच खलबतं चालली होती. त्सिया आसुंताचा तर्क असा की आज रेघ आपल्या गल्लीत थांबली म्हणजे उद्या ती पुढे सरकणार. रंगवणारा पुन्हा येणार. आणि येणार तो दुपारी, कारण चोर नेहमी लोक झोपले की येतो. तेव्हा ओर्झानूच्या इतिहासात प्रथमच एक अख्खी गल्ली दुपारी न झोपण्याचा ठराव करून झडपांमागे दबा धरून बसली. हवालदार ओर्रू तर त्सियाच्या स्वयंपाकघरात टोपी काढून बसला होता, आणि तिने त्याला बिस्किटं दिली होती.

नेमकी तीच वेळ प्रियामोच्या सरावाची, आणि ठराव त्याच्या कानावर गेला नव्हता. उत्सव तोंडावर आलेला, रेघेचं काही का होईना, सराव चुकवून चालणार नव्हता. तो बूट घालून बाहेर आला, इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि टाचेला चवडा लावत निघाला. तोंडाने काहीतरी आठवून म्हणायचं होतं. प्रियामोला पाठ असं एकच होतं, ते म्हणजे त्याचं मृत्यूचं रजिस्टर.

"मेलिस पिएत्रो, न्यूमोनिया," तो धीरगंभीर आवाजात म्हणाला आणि एक पाऊल टाकलं. "देमुरू कातेरिना, वार्धक्य." दुसरं पाऊल. "सेर्रा बाल्दो, गाढवावरून पडून."

झडपांमागे लोकांच्या अंगावर सरसरून काटा आला. सेर्रा बाल्दो हा त्सिया आसुंताचा कैलासवासी नवरा. तिने छातीवर क्रूस काढला. ओर्रूच्या हातातलं बिस्किट पडलं.

पहिली आडवी खूण आली. प्रियामो वळायला गेला, डावा पाय जमिनीला घासला, आणि तो समईच्या ज्योतीसारखा हलायला लागला. त्यासरशी त्सिया आसुंता दबा, चोर, नवरा सगळं विसरली. खिडकी धाडकन उघडली.

"पाय उचल रे मेल्या! घासू नको, उचलून वळ!"

"टाच आधी टेकवा, टाच!" समोरच्या माडीवरून दुसरी खिडकी.

"खाली नका बघू! पुढे बघा! आमच्या दिरांना हेच सांगायचे!"

"गुडघा ताठ नको!"

"हळू घ्या हो, आमची लुचिया तर भिंतीला पाठ लावून..."

धडाधड सगळ्या खिडक्या उघडल्या. प्रियामो भिंत धरून उभा राहिला. कान लाल झाले होते. जी गोष्ट लपवायला त्याने नगराध्यक्षेपुढे खरं सांगणं टाळलं, मेहुण्याला झिडकारलं, ती आता गल्लीच्या दोन्ही बाजूंनी ओरडून सांगितली जात होती. आयुष्यात इतकं उघडं पडल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि रडू येईल की काय अशीही धास्ती वाटली.

हवालदार ओर्रू पावतीपुस्तक घेऊन बाहेर आला. "पुद्दू, ही रेघ तुमची?"

"नाही तर काय तुझी?" त्सिया मागोमाग आली. "तिच्यावरून चालतोय कोण ते दिसत नाही का?" मग ती प्रियामोजवळ गेली आणि त्याचा हात आपल्या काखेत घेऊन हळू आवाजात म्हणाली, "पोरा, माझ्या बहिणीचाही गुडघाच होता. बरीच वर्षं तो गुडघाच होता. आम्हीही तिला गुडघाच म्हणू दिलं." प्रियामोने भिंत सोडली. "आणि माझा नवरा गाढवावरून पडला नव्हता," ती आवाज चढवून म्हणाली, "गाढव बसलं होतं, हा त्याच्यावरून उतरताना पडला. ते नीट करून घे!"

त्या दिवसापासून प्रियामोचा एकांत संपला. दुपार झाली की गल्लीत खुर्च्या पडू लागल्या. प्रत्येकाकडे अनुभव होता आणि एकाचा अनुभव दुसऱ्याशी जुळत नव्हता. एक म्हणे हात पसर, दुसरा म्हणे कमरेवर ठेव. पाऊल कसं टाकायचं ते दाखवायला जो तो स्वतः रेघेवर उतरू लागला, आणि धडधाकट माणसांनाही ते जमेना, तेव्हा चुरस लागली. कारेद्दा बाई पाहणीला म्हणून आल्या आणि दुसऱ्या खुणेपाशी कुंडीत बसल्या. ओर्रू दोन्ही टोकांना गाड्या अडवून धरत होता. कोणत्या हुकमाने, असं त्याला कोणी विचारलं नाही.

इलेनिया पाहायला आली तर सगळी गल्ली हात पसरून एकामागे एक डुलत चाललेली.

"यातले पेशंट कोण?" तिने बोनारियाला विचारलं.

मग तिने शिट्टी मारून सगळ्यांना खाली बसवलं आणि एकट्या प्रियामोला चालवलं. पूर्वीपेक्षा पाऊल स्थिर पडत होतं. ती खूश झाली, पण खोटी आशा देणाऱ्यांतली ती नव्हती. "दोन फेरे होतील," ती म्हणाली. "तिसऱ्याचं मी सांगत नाही. उन्हात पाय लवकर थकेल. अंग गार ठेवा, आणि थकलात की थांबा. थांबायची लाज नको."

"निशाण मला द्या ना!" तार्चिझियो मागून ओरडला.

"नाही!" प्रियामो म्हणाला.

उत्सवाच्या दिवशी जुलैचं ऊन दगडाला घाम फोडत होतं. मानकऱ्याचा पोशाख काळ्या मखमलीचा, आणि अंग तर गार ठेवायचं. बोनारियाने मखमलीच्या बंडीला आतून खिसे शिवले आणि त्यांत गोठवलेल्या मटारच्या पिशव्या भरल्या. प्रियामो घरातून निघाला तेव्हा तो जरा लठ्ठ दिसत होता, पण रुबाबदार. दारोदार मानकऱ्यापुढे वाइनचा पेला येतो आणि तो परतवायचा नसतो. प्रियामोला पिऊन चालणार नव्हतं, म्हणून त्याच्या वाटणीचे सगळे पेले तार्चिझियोने घराण्याच्या इभ्रतीखातर रिचवले.

पहिला फेरा झकास झाला. बासरीवाला पुढे, निशाण वाऱ्यावर, आणि प्रियामोची नजर समोर. तो मनातल्या मनात रजिस्टर म्हणत होता, आणि वडिलांच्या नावापाशी आला तेव्हा त्याचा ऊर भरून आला. दुसऱ्या फेऱ्यात मटार वितळले. विजारीतून पाणी ठिबकायला लागलं आणि मानकऱ्याच्या मागे फरसबंदीवर ओला माग उमटत गेला. मागून येणाऱ्या बायकांनी तो पाहिला, एकमेकींकडे पाहिलं, आणि सज्जनपणे आभाळाकडे बघू लागल्या.

"मटार आहेत ते!" बोनारिया सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. त्याने फारसं काही सुधारलं नाही.

तिसऱ्या फेऱ्याच्या निम्म्यावर, चर्चच्या मागच्या बाजूला, डावा पाय थांबला. निरोप गेला, पण पाय हलला नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा नाही. बासरी अडखळली. सगळी मिरवणूक त्याच्या पाठीशी येऊन थबकली.

तार्चिझियो लगबगीने पुढे झाला आणि त्याने निशाणाकडे दोन्ही हात केले. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. थोडे वाइनने, पण सगळे वाइनने नव्हते. "द्या दाजी," तो पुटपुटला. या खेपेला त्याचा आवाज मोठा नव्हता. "द्या. कोणी काही म्हणणार नाही."

प्रियामोने त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस तो ज्याला नाही म्हणत आला होता ते काय होतं हे त्याला अगदी स्वच्छ दिसलं, आणि ते निशाण नव्हतं.

"निशाण नको धरूस, तार्चिझियो," तो म्हणाला. "मला धर."

तार्चिझियो क्षणभर गोंधळला. मग त्याने दाजींच्या काखेत हात घातला आणि घट्ट आवळला. पाय सुटला. पण दहा-बारा घरांचे पेले पोटात घेतलेला माणूस आधार तरी किती देणार? चार पावलांत तार्चिझियोच डावीकडे झुकायला लागला आणि त्याच्याबरोबर मानकरी, निशाण, सगळं झुकायला लागलं.

"खाली बघू नकोस," प्रियामो दातांतल्या दातांत म्हणाला. "पुढे बघ. टाच आधी टेकव. गुडघा सैल."

"हो दाजी."

"काहीतरी आठवून म्हण."

"काय म्हणू?"

"जे पाठ असेल ते."

तार्चिझियोला फक्त तेलाचे भाव पाठ होते. ते मोठमोठ्याने म्हणत, एकमेकांना बिलगून, डुलत डुलत दोघांनी चर्चला तिसरा फेरा घातला, आणि निशाण दाराशी पोचलं तेव्हा ते सरळ होतं. कोणी कोणाला धरलं होतं, यावर ओर्झानूत अजून भांडणं होतात.